चष्मा खुर्चीतल्या माणसाला लावा

प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या कॉलेजांमध्ये एक सूचना हमखास कानावर पडते: "कॅमेऱ्याकडे बघून बोला." मुलाखतीची पहिली फेरी हल्ली पुष्कळदा लॅपटॉपसमोरच होते. पलीकडे माणूस नसतो. पडद्यावर प्रश्न येतो आणि उत्तराचं चित्रण होतं. नजर इकडेतिकडे गेली की मशीन गुण कापतं, असं मुलांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं. ही भीती अगदीच निराधार नाही. ऑनलाइन परीक्षेवर पहारा ठेवणारी सॉफ्टवेअर नजर पडद्यावरून हलल्याची नोंद करतात, आणि मुलाखतीचा सराव घेणारी काही ॲप ‘आय कॉन्टॅक्ट’ला गुणही देतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी मी करून घेते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कुठल्या दूरच्या प्रयोगशाळेतला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माणसं एकमेकांशी बोलताना कुठे बघतात, याचा अभ्यास आय ट्रॅकिंगनं, म्हणजे नजर कुठे जाते ते टिपणाऱ्या यंत्रानं, जरूर व्हावा, आणि तो नाशिकमध्येही व्हावा. पण ज्याची परीक्षा चालू आहे त्याच्या डोळ्यांवर यंत्र रोखायचं आणि त्यावरून त्याला गुण द्यायचे, हे थांबलं पाहिजे. मोजायचीच असेल तर आधी त्याची नजर मोजा ज्याच्या हातात निर्णय आहे. डॉक्टरची मोजा, शिक्षकाची मोजा, मुलाखत घेणाऱ्याची मोजा, टेबलापलीकडच्या साहेबाची मोजा.

हे यंत्र करतं काय? डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, जो आपल्याला दिसत नाही. त्याचा एक बारीक चकाकता ठिपका बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पटलावर उमटतो. तो ठिपका कुठे आणि बाहुलीचा मध्य कुठे, हे छोटा कॅमेरा सतत टिपत राहतो. सुरुवातीला ठरावीक खुणांकडे बघायला लावून यंत्र त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घेतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. चष्म्यासारखा घालायचा ट्रॅकर असेल तर त्याला पुढच्या बाजूलाही कॅमेरा असतो. तो समोरचं दृश्य टिपतो, आणि त्या दृश्यावर नजरेचा ठिपका फिरताना दिसतो. सेकंदाला ५० नोंदी घेणारा चष्मा १० मिनिटांच्या बोलण्यातून ३०,००० नोंदी काढतो.

नोंदी भरपूर निघतात, पण त्यांच्या अचूकतेला मर्यादा आहे. चांगल्या परिस्थितीत यंत्र साधारण अर्धा ते एक अंशापर्यंत चुकतं. समोरचा माणूस १ मीटरवर असेल तर १ अंश म्हणजे जवळपास पावणेदोन सेंटिमीटर. मोठ्या माणसाचे डोळे आणि तोंड यांत सहा-सात सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे तो डोळ्यांकडे बघतोय की ओठांकडे, हे सांगता येतं. फळ्याजवळून ४ मीटरवरच्या बाकावरच्या मुलीकडे बघितलं की तोच १ अंश ७ सेंटिमीटरचा होतो. मग डोळे कुठले आणि ओठ कुठले, हा फरकच उरत नाही. काजळ, जाड भिंगाचा चष्मा, म्हातारपणी उतरलेल्या पापण्या, दुपारचं ऊन, यांतल्या कशानेही नोंद बिघडू शकते. लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावरून नजर ओळखणं तर याहून कितीतरी ढोबळ. शिवाय समोर पडद्यावर मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा असेल आणि मुलगी त्याच्या डोळ्यांकडे बघून बोलत असेल, तर पडद्याच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्याला तिची नजर खाली गेलेली दिसते. कॅमेऱ्याशी नजर मिळवायची तर माणसाकडे बघणं सोडावं लागतं. आणि आम्ही वर्गात मुलांना नेमकं तेच घोटवून घेतो आहोत.

नजरेच्या अभ्यासाची सुरुवात वाचनापासून आणि चित्रांपासून झाली. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी एकच चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. या घरची परिस्थिती कशी आहे, या लोकांची वयं काय असतील, असे ते प्रश्न होते. प्रश्न बदलला की चित्रावरून नजर फिरायची वाटही बदलली. म्हणजे नजरेच्या नोंदीला स्वतःचा असा एकच अर्थ नसतो. माणूस त्या क्षणी काय शोधतोय, हे कळल्याशिवाय ती वाचता येत नाही. पण चित्र उलटून आपल्याकडे बघत नाही. माणूस बघतो, आणि तिथे हा विषय खरा अवघड होतो.

२०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रतीक्षाखोलीत बसलेल्या लोकांना ट्रॅकर लावला होता. काहींच्या समोर एक अनोळखी माणूस प्रत्यक्ष बसलेला होता, काहींच्या समोर त्याच माणसाचं चित्रण पडद्यावर चालू होतं. पडद्यावरच्या माणसाकडे लोकांनी भरपूर बघितलं. खऱ्याकडे फारच कमी. कारण उघड आहे: खरा माणूस मान वर करून विचारू शकतो, काय बघताय? आपण सगळे शहर बसमध्ये हेच करतो. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आलेल्या लोकांवर केलेल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समोरच्याची थेट नजर सरासरी ३ सेकंदांहून जरा जास्त वेळ बरी वाटते असं दिसलं. तो आकडा पुष्कळ जण व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात फेकतात. पण त्या प्रयोगातली नजर पडद्यावरच्या नटनट्यांची होती. ती वैतागणार नव्हती की लाजणार नव्हती. तिथून निघालेलं माप सिन्नर फाट्यावरच्या कारखान्यातल्या मुलाखतीला लावायला माझी तयारी नाही.

बोलण्यातली नजर सुरुवातीला बारकाईनं वाचली गेली ती ट्रॅकर न लावता, चित्रणावरून. ॲडम केंडन यांनी १९६७मध्ये दाखवलं की लांबलचक बोलायला सुरुवात करताना बोलणारा बहुधा नजर दुसरीकडे नेतो, आणि बोलणं संपत आलं की पुन्हा ऐकणाऱ्याकडे आणतो. आता तुम्ही बोला, असं तो डोळ्यांनी सांगतो. चार्ल्स गुडविन यांनी १९८०मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आपण बोलायला लागलो आणि ऐकणारा बघत नसेल, तर आपण वाक्य अर्धवट सोडतो, थांबतो, आणि तेच वाक्य पुन्हा सुरू करतो. त्याची नजर येईपर्यंत. अडखळणं हा बोलणाऱ्याचा दोष समजायची आपल्याला सवय आहे. गुडविन यांचं निरीक्षण त्याची निम्मी जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आमच्या मुलांकडे वळते. सुरगाण्याचा मुलगा घरी कोकणी, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलतो, शाळा मराठीत शिकतो आणि मुलाखत इंग्रजीत देतो. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं की त्याची नजर टेबलाच्या कडेवर जाते. तिथे तो वाक्य जुळवत असतो. अवघड प्रश्न आला की माणूस समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढतो, हे प्रयोगांमधून वारंवार दिसलं आहे, कारण चेहरा वाचणं हेही मेंदूला काम आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर बाजूला न्यायला शिकवलं, आणि त्यांची उत्तरं सुधारली. म्हणजे ‘नजर हलली’ म्हणून जे मशीन गुण कापतं, ते विचार करण्याचेच गुण कापतं. आणि ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत विचार करायचाय, त्याचे सर्वांत जास्त.

त्यात आपल्याकडे लहानपणापासून दोन उलटसुलट आज्ञा. वडीलधाऱ्यांसमोर, "डोळे वर करून बोलतोस?" आणि वर्गात, "खाली काय बघतोस, माझ्याकडे बघ." मुलींच्या बाबतीत पहिल्या आज्ञेची धार आणखी तीव्र. ग्लासगोमध्ये २००८च्या एका प्रसिद्ध अभ्यासात पाश्चात्त्य लोक चेहऱ्याचे डोळे आणि तोंड यांच्यावर जास्त रेंगाळताना, तर पूर्व आशियातले लोक चेहऱ्याच्या मध्यावर, नाकाच्या आसपास, नजर ठेवताना दिसले. चेहरा दोघांनाही तितकाच ओळखता आला. चेहरा बघण्याची ‘योग्य’ अशी एकच रीत नाही, एवढं कळायला हा एक अभ्यास पुरेसा आहे.

मला तर आत्मविश्वासाची नजर बघायची असेल तर मी लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला जाईन. उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या रांगेत लागलेल्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत असतो, भाव पुकारला जात असतो. एक व्यापारी कांदा उचलतो, मुठीत दाबतो, पत्तीवर अंगठा घासतो. ट्रॉलीच्या फळीला टेकून उभा असलेला शेतकरी त्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही. तो त्याच्या अंगठ्याकडे बघतो. मग नजर पटकन मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाते, जो अजून बोललेला नाही. बोली थांबल्यावरच तो पहिल्याकडे बघतो, तेही क्षणभर. ‘आय कॉन्टॅक्ट’च्या हिशोबात हा माणूस नापास. पण त्या काही सेकंदांत त्याने माल, गिऱ्हाईक आणि बाजार, तिन्ही वाचलेलं असतं. छोटी मुलंही खेळताना आईच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या हातांकडे आणि हातातल्या वस्तूकडे जास्त बघतात, आणि त्यातूनच दोघांचं लक्ष एका गोष्टीवर येतं, असं चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी २०१३मध्ये दोघांनाही ट्रॅकर लावून दाखवलं. लिलावात असा अभ्यास करायचा तर भर दुपारचं ऊन इन्फ्रारेडला आडवं येईल. सकाळच्या सत्रात, शेडखाली करावा. पण करावा.

गुण देणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत जगात पावलं मागे घेतली जात आहेत, हेही इथल्या कॉलेजांना आणि कंपन्यांना माहीत असावं. व्हिडिओ मुलाखतींचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या अमेरिकेतल्या हायरव्ह्यू कंपनीनं चेहऱ्याचं विश्लेषण वगळल्याचं २०२१मध्ये जाहीर केलं. युरोपियन युनियनमध्ये नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी शरीराच्या खुणांवरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, फेब्रुवारी २०२५पासून बंदी आहे. तिकडे जे नाकारलं गेलं ते इकडे ‘नवीन तंत्रज्ञान’ म्हणून प्लेसमेंट सेलच्या गळ्यात पडू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मी टाळणार नाही. एकट्याची नजर मोजून माणसाचं भलं झाल्याचीही उदाहरणं आहेत. हातपाय आणि वाचा गेलेला रुग्ण नजरेनं अक्षरं निवडून घरच्यांशी बोलतो. लहान बाळांची नजर आणि ऑटिझम यांचा संबंध वॉरेन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३मध्ये मांडला, आणि १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या निदानाला मदत करणाऱ्या नजर मोजणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२मध्ये परवानगी दिली. हे मी मनापासून स्वीकारते. पण तिथे काय काय पाळलं जातं ते बघा. वय ठरलेलं, काय दाखवायचं ते ठरलेलं, तज्ज्ञांनी केलेल्या निदानाशी ताडून बघितलेलं, आणि शेवटचा शब्द डॉक्टरचा. मूल ‘नापास’ होत नाही, त्याला लवकर मदत मिळते. मुलाखतीच्या ॲपमध्ये यातलं एकही बंधन नसतं.

आता नाशिकमध्ये काय करता येईल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे म्हसरूळला आहे, १९९८पासून. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. नजरेच्या अभ्यासाची सुरुवात त्याने ओपीडीतून करावी, आणि चष्मा डॉक्टरला लावावा.

शहरातल्या एका दवाखान्यात मी नात्यातल्या एका आजींना घेऊन गेले होते. दिंडोरीकडच्या त्या. केसपेपर टेबलावर गेला. डॉक्टर लिहीत होते. आजी म्हणाल्या, "रातच्याला..." आणि थांबल्या. डॉक्टरांनी पान उलटलं. "रातच्याला जरा..." पुन्हा थांबल्या. दाराशी मावशींनी पुढचा नंबर पुकारला. डॉक्टरांनी मान वर केली ती रिपोर्ट मागायला, आणि तोवर आजींची नजर माझ्याकडे वळली होती. "बरं हाय," त्या म्हणाल्या. रात्री आडवं झालं की दम लागतो, दोन उश्या घ्याव्या लागतात, हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट तपासलं. ते चांगले डॉक्टर होते, आणि बाहेर रांग जिन्यापर्यंत होती. पण आजी एकट्या आल्या असत्या तर ते वाक्य पुरं झालं नसतं.

गुडविन यांनी वर्णन केलेलं अडखळणं मी तिथे डोळ्यांसमोर बघितलं. अमेरिकेत संगणक वापरणाऱ्या डॉक्टरांच्या १०० भेटींच्या चित्रणात डॉक्टरांचा सुमारे एक-तृतीयांश वेळ पडद्याकडे बघण्यात गेल्याचं आढळलं होतं. आपल्याकडे केसपेपरची जागा हळूहळू पडदा घेतो आहे. तो ओपीडीच्या टेबलावर कुठे ठेवायचा, हे आज इलेक्ट्रिशियन प्लग बघून ठरवतो. डॉक्टरला चष्मा लावून हीच गोष्ट शास्त्रानं ठरवता येईल. पडदा समोर असताना आणि बाजूला असताना डॉक्टरची नजर किती वेळा रुग्णाकडे येते, आणि ती आल्यावर रुग्ण वाक्य पुरं करतो का? अशा प्रश्नांची उत्तरं ओपीडीतलं फर्निचर बदलू शकतात.

कुणी म्हणेल, चष्मा लावल्यावर डॉक्टर मुद्दाम जास्त बघतील. बरोबर आहे. ट्रॅकर लावलेली माणसं खोलीतलं स्विमसूटमधल्या मॉडेलचं कॅलेंडर बघायचं टाळतात, असं एव्हान रिस्को आणि ॲलन किंगस्टोन यांनी २०११मध्ये दाखवलं. हा परिणाम थोड्याच वेळात ओसरतो आणि यंत्राची आठवण करून दिली की परत येतो, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणून नोंद संपूर्ण ओपीडीभर घ्यावी आणि सुरुवातीच्या भेटी हिशोबात धरू नयेत. शंभर रुग्णांच्या रांगेत डॉक्टरला चष्म्याचं भान फार वेळ राहणार नाही, आणि राहिलंच तर त्या दिवसाच्या रुग्णांचं काही वाईट होणार नाही.

संमतीचा प्रश्न मात्र मला जास्त जाचतो. चष्मा डॉक्टरच्या डोळ्यांवर असला तरी त्याचा पुढचा कॅमेरा रुग्णाचा चेहरा, कधी उघडं अंग टिपतो. म्हणजे संमती दोघांची हवी. रुग्णाची तर त्याच्या बोलीत समजावून, आणि ‘नाही’ म्हणाल तरी नंबर जाणार नाही हे आधी सांगून. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११च्या नियमांत शरीराच्या खुणांची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी धरली होती. नव्या कायद्यात तो वेगळा वर्ग नाही. संशोधनाला त्यात सूट आहे, पण त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. अभ्यासासाठी टिपलेली नजर अभ्यासातच राहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही असं ठरवलं. माणसाच्या आतलं त्याच्या मर्जीविरुद्ध काढून घ्यायचं नाही, हा त्यामागचा विचार आहे. डोळा कुठे थबकला, कुठून निसटला, ही नोंदही आतलीच आहे. नोकरीच्या गरजेपोटी मुलानं ‘आय ॲग्री’वर बोट ठेवलं म्हणून ती खुशीची संमती ठरत नाही.

आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं ज्या कॉलेजांत शिकतात, त्या कॉलेजांकडून एवढी हमी आयुक्तालयाला मागता येईल: प्लेसमेंटला येणारी कंपनी नजरेवरून गुण देणारं सॉफ्टवेअर वापरत असेल तर ते आधी लेखी कळवावं, आणि मुलाला माणसासमोर मुलाखत देण्याचा पर्याय असावा. यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आणि विद्यापीठानं ओपीडीतला अभ्यास हाती घेतलाच, तर त्याच्या पहिल्या कागदावर एक अट डॉक्टरांच्या बाजूनेही लिहिलेली असावी. चष्म्यातलं चित्रण अधिष्ठात्यांकडे, वैद्यकीय अधीक्षकांकडे किंवा कुणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही. निवासी डॉक्टर आधीच रात्रपाळ्यांनी पिचलेले असतात. रुग्णाकडे किती सेकंद बघितलं याचा तक्ता त्यांच्या नावासमोर लागला, तर तेही आमच्या मुलांसारखे कॅमेऱ्यासाठी बघायला शिकतील.